आठव्या मितीत

नवशी धोडीला ती चूक सापडली नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, तलासरीच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दोन तासिकांच्या मधल्या वेळात. आणि पुढचे अकरा दिवस ती याच समजुतीत राहिली की चूक आपली आहे.

तसं वाटणं साहजिक होतं. ती वेवजीच्या पाड्यावरची, घरातली पहिली पदवीधर, अकरावी-बारावीला तासिका तत्त्वावर गणित शिकवणारी. आणि हिशेब ज्यांच्या प्रमेयाशी जुळत नव्हता ते डॉ. भाविक तामोरे. आगरच्या मच्छीमाराच्या घरातून शिकून वर आलेले, डहाणूतल्या एका कॉलेजात संशोधन केंद्राचे प्रमुख, आणि नवशीचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. २००९ साली त्यांनी ते प्रमेय छापलं. त्याच्यावर त्यांचं नाव झालं, त्याच्यावर केंद्राला मान्यता मिळाली, आणि नवशीच्या प्रबंधाची पाचपैकी तीन प्रकरणं त्याच्याच पायावर उभी होती.

तिच्या बापाने, सुक्याने, एकदा अंगणात नांगराचा फाळ ठोकता ठोकता विचारलं होतं, "सात वर्षां झाली. तू करतीस तरी काय?"

"बाबा, आधी नांगरायचं मग पेरायचं. उलटं केलं तर?"

"उलटा केला तर बी गेला."

"तेच. कुठलं आधी आणि कुठलं मागून याने जिथे फरक पडतो, तसल्या गुणाकारांचं गणित."

सुक्याला तेवढं पुरलं होतं. पुढचं सांगायला सोपं नव्हतं, पण नवशीला ते हातातल्या रेषांसारखं पाठ होतं. लाय बीजगणितात क्रम उलटा केला की उत्तराचं फक्त चिन्ह बदलतं. म्हणून तिथे कुठल्याही घटकाला स्वतःनेच गुणलं तर शून्य येतं. नवशी ज्या बीजगणितांवर काम करत होती त्यांना लायब्निझ बीजगणितं म्हणतात. त्यांच्यात ही सोय काढून घेतलेली असते. स्वतःला स्वतःने गुणून भलतंच काही निघू शकतं. डावीकडून गुणणं वेगळं, उजवीकडून वेगळं, दोन्हींचा हिशेब निराळा ठेवावा लागतो, आणि कंसही मनाला येईल तिकडे सरकवता येत नाहीत. अशा बीजगणिताला किंचित धक्का दिला तर ते बदलतं की होतं तसंच राहतं, हे ज्या मापाने कळतं ती कोहोमोलॉजी. माप शून्य आलं की बीजगणित अढळ. तामोरे सरांचं प्रमेय सांगत होतं की एका मोठ्या कुळातली सगळी बीजगणितं अढळ आहेत.

प्रबंध जमा करायला दोन महिने होते. शेवटच्या प्रकरणात एखादं छोटं उदाहरण असावं, वाचणाऱ्याला बरं पडतं, म्हणून नवशीने त्या कुळातलं पाच मितींचं एक बीजगणित घेतलं. पाच मिती म्हणजे पाच मूळ घटक, बाकी सगळं त्यांच्यातून बनणारं. त्यांना सगळे लोक e एक, e दोन असं लिहितात. नवशीला त्याचा कंटाळा यायचा आणि आकडे लिहिताना गोंधळ व्हायचा. तिने b, s, n, l, k अशी अक्षरं घेतली. बारकी तिची आई, सुक्या, ती स्वतः, भाऊ लाहू, आणि आजा काळ्या. घरातली पाच माणसं, विसरायचा प्रश्न नाही.

उत्तर शून्य यायला हवं होतं. एक आलं.

अकरा दिवस तिने चिन्हं तपासली. फळ्यावर, पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवर, एसटीत मांडीवर वही ठेवून. बाराव्या दिवशी तिने स्वतःची वही बाजूला ठेवली आणि सरांचा निबंध उघडला, जो तिने आजवर निदान पन्नास वेळा वाचला असेल. सातव्या पानावर, तिसऱ्या ओळीत, उजवीकडून केलेल्या गुणाकाराच्या जागी डावीकडचा गुणाकार उणे चिन्ह लावून घातला होता. लाय बीजगणितात ते चालतं. इथे चालत नाही. इथे ते चालत नाही हाच तर सगळा विषय होता.

तिला आधी आनंद झाला. हे तिने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी ती आगरला गेली. सरांच्या घरापुढे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि सरांची आई देवकी ते पालटत होती. सर मोठे झाले तरी म्हातारीने धंदा सोडला नव्हता. "ये गो, बस, चहा ठेवते," म्हणून ती आत गेली. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. नवशीने वही उघडून दिली आणि शेजारी निबंधाचं सातवं पान ठेवलं. कसं बोलावं ते एसटीत ठरवून आली होती, पण आता त्यातलं काही आठवेना.

सरांना दोन-तीन मिनिटंच लागली. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर येऊन थांबलं, तिथून नवशीच्या वहीवर गेलं, परत ओळीवर आलं. माणूस हुशार होता, यात तिला कधीच शंका नव्हती.

"कोणाला दाखवलंस?"

"नाही सर. आधी तुम्हालाच."

"बरं केलंस." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. "याला चूक म्हणू नकोस. एक गृहीतक लिहायचं राहून गेलंय."

"पण ते गृहीतक घातलं तर सर, प्रमेय लाय बीजगणितांपुरतंच उरतं. तेवढं तर आधीपासून माहीत आहे लोकांना."

सर मांडवाकडे बघत म्हणाले, "नवशी, या पट्ट्यातून कितीजण इथवर पोचले? किनाऱ्यावरून मी, तुमच्या पाड्यांवरून तू. हे उद्या बाहेरच्या कोणी दाखवलं तर केंद्र बंद करतील. मग तू कोणाकडे जाशील?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले सर. आपणच छापू या."

"छापूच. दोघांच्या नावाने छापू. तुझं उदाहरण छान आहे, ते प्रबंधात घालून वाया घालवू नकोस. प्रबंधात गृहीतक घाल, जमा कर. उदाहरणाचा वेगळा निबंध करू." त्यांनी वही मिटून स्वतःच्या मांडीवर ठेवली. "ही राहू दे माझ्याजवळ. सावकाश बघतो."

देवकीने निघताना तिच्या पिशवीत मूठभर सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून घातले. नवशी परतीच्या एसटीत हलक्या मनाने बसली. दोघांच्या नावाने, हे शब्द तिने मनात कितीदा तरी घोळवले.

सरांनी सांगितलं तसा तिने प्रबंध जमा केला. वहीबद्दल विचारलं की सर म्हणत, "बघतोय." फेब्रुवारीत म्हणाले, जूनमध्ये म्हणाले, गणपतीत म्हणाले. दरम्यान केंद्रात शितल मर्दे नावाची नवी विद्यार्थिनी आली होती. डहाणूची, चटपटीत, बोलायला गोड. नवशीला ताई म्हणायची आणि तिच्यासाठी कॅन्टीनमधून न विचारता चहा आणायची.

त्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत केंद्राने चर्चासत्र भरवलं. कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. दुपारच्या सत्रात तिसरं नाव होतं: भाविक तामोरे आणि शितल मर्दे, 'एका अढळता-प्रमेयाचं प्रतिउदाहरण'. नवशीने ते दोनदा वाचलं. छापताना एक नाव राहिलं असेल, असं तिने आईला सांगितलं. बारकीला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती म्हणाली, "विचार जाऊन."

सभागृहात नवशी चौथ्या रांगेत बसली. शितलने तिसरी स्लाइड लावली आणि पडद्यावर पाच मितींचं बीजगणित आलं. घटकांची नावं b, s, n, l, k होती. गुणाकारांचा तक्ता तिचा होता, ज्या क्रमाने तिने लिहिला होता त्याच क्रमाने. कोणी ती अक्षरं बदलायचीही तसदी घेतली नव्हती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर नवशी उभी राहिली. तिचा आवाज वर्गात शिकवतानाचाच होता.

"ही अक्षरं का घेतली? e एक, e दोन का नाही?"

शितलने मागे वळून पडद्याकडे बघितलं. "सरांनी दिली तशीच ठेवली."

पहिल्या रांगेतून सर म्हणाले, "चिन्हं काय, ज्याच्या त्याच्या आवडीची."

"ही माझ्या घरातली माणसं आहेत," नवशी म्हणाली. "b माझी आई. s माझे वडील. n मी."

सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. दुपारच्या जेवणानंतर लोकांना एक बरा विनोद मिळाला होता. सरही हसले. "आमची नवशी गमतीची आहे," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. हसली नाही फक्त शितल. ती पॉइंटर हातात धरून तशीच उभी राहिली होती.

नंतर व्हरांड्यात नवशीने सरांना गाठलं. ते चिडले नाहीत. समजावल्यासारखं बोलले. "वहीत काय होतं? एक उदाहरण. उदाहरण म्हणजे निबंध नव्हे. ते उभं करायला आम्ही आठ महिने घातले. व्यापक रूप शितल करतेय, पुढे तिच्या प्रबंधात जाईल. तुझं तर सगळं जमा झालंय, तुझं काय अडलं?"

"तुम्ही दोघांची नावं म्हणाला होतात सर."

"दोघांचीच आहेत," ते म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ते जरा लागलं असावं, कारण त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पाहुण्यांकडे गेले.

नवशीने विद्यापीठाला लेखी तक्रार दिली. तिघांची समिती बसली. वही कुठे आहे, समितीने विचारलं. वही आपण केव्हाच परत दिली, असं सरांनी लिहून दिलं होतं. नवशीकडे पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवरचे सुटे कागद होते, त्यांच्यावर तारीख नव्हती. समितीतल्या एक बाई बाहेर येऊन तिला हळूच म्हणाल्या, "मार्गदर्शकाविरुद्ध लिहायला नको होतं. अजून तुमचा प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडे आहे."

प्रबंधाचा निकाल मार्चमध्ये आला. बाहेरच्या परीक्षकाने दीड पान लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. गृहीतक घातलं तर उरतात ती लाय बीजगणितं, आणि त्यांच्याबद्दल हे निष्कर्ष कित्येक दशकं माहीत आहेत. गृहीतक काढलं तर निष्कर्ष खोटे आहेत. पाहा, तामोरे व मर्दे यांचं प्रतिउदाहरण. सबब, प्रबंधात मूळ योगदान दिसत नाही.

नवशीने ते स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं. स्वतःचंच गणित तिच्या प्रबंधाच्या विरोधात पुरावा म्हणून आलं होतं. कोणावर ओरडावं तर तेही जमेना, कारण परीक्षकाच्या जागी ती असती तर तिनेही हेच लिहिलं असतं. घंटा झाली तशी ती बारावीच्या वर्गावर गेली.

मेच्या अखेरीस सर वेवजीला आले. त्याआधी ते तिच्या घरी एकदाही आले नव्हते. गाडी पाड्याच्या तोंडाशी लावून चालत आले, खांद्याला झोळी, हातात ताज्या सरंगा माशांची पिशवी. सुक्याने बाज बाहेर काढली, बारकीने पाणी दिलं. सर सुक्याशी पावसापाण्याचं थोडं बोलले आणि मग झोळीतून छापील कागद काढले.

"व्यापक निबंध नियतकालिकाकडे पाठवलाय. परीक्षक म्हणतो, चौथ्या विभागातला हिशेब घाईचा वाटतो, पुन्हा तपासा. शितलने तपासला, मी तपासला. पण असल्या हिशेबात तुझ्यासारखी नजर कोणाची नाही. शितलचा सगळा प्रबंध याच्यावर आहे, म्हणून म्हटलं." त्यांनी कागद तिच्यापुढे धरले. "तुझ्यासाठी नवीन विषय बघून ठेवलाय. दोन वर्षांत काढू. मागचं मागे टाक."

नवशीने कागद घेतले. दाव्यात म्हटलं होतं की पाच आणि त्यापुढच्या कुठल्याही मितीत दुसरी कोहोमोलॉजी, म्हणजे तेच अढळतेचं माप, बरोबर एकच येते, ना कमी ना जास्त. सुंदर दावा होता. ती वाचत गेली आणि मागचं सगळं क्षणभर विसरली. अकराव्या पानाच्या मध्यावर एका लांब राशीने समीकरणाच्या दोन्ही बाजू भागल्या होत्या. राशीत मितीचा आकडा तीन ठिकाणी विखुरलेला होता, म्हणून चटकन दिसत नव्हतं; पण मिती आठ घेतली की ती राशी शून्य होत होती. शून्याने भागता येत नाही हे तिच्या अकरावीच्या मुलांनाही सांगावं लागत नव्हतं.

तिने पान उलटलं. मग पुढचं उलटलं. वाचायचं काही उरलं नव्हतं, पण सर समोर बसले होते आणि तिला वेळ हवा होता. एकदा अशीच एक चूक घेऊन ती आनंदाने एसटीत बसली होती, ते तिला आठवलं. ती बाई आपणच होतो यावर तिचा विश्वास बसेना.

"ठीक आहे सर," ती म्हणाली.

"चिन्हं बघितलीस?"

"बघितली. सगळी बरोबर आहेत."

ती खरोखरच बरोबर होती. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. नवशीला खोटं बोलता येत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं.

ते गेल्यावर सुक्याने विचारलं, "कशाला आलता?"

"चूक शोधायला."

"गावली?"

"नाही."

बारकीने सरंगे तळले. नवशी पोटभर जेवली. नवीन विषयासाठी ती पुढे कधी सरांकडे गेली नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही.

निबंध दिवाळीत छापून आला. त्यानंतर दीड-दोन वर्षं काहीच झालं नाही. सर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर गेले. नवशी तलासरीत तास घेत राहिली, दरवर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज करत. आठव्या मितीत नेमकं काय होतं ते मात्र तिने शोधून काढलं होतं. तो हिशेब डोक्यातून जाईना, म्हणून केला. पण लिहायला बसली की पहिल्याच वाक्यात तामोरे आणि मर्दे यांचा दावा सांगावा लागे, आणि तो चुकीचा आहे हे आपल्याला केव्हा कळलं, या विचारापाशी तिचं पेन थांबे.

शितलची तोंडी परीक्षा फेब्रुवारीत झाली. नवशीला ते कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "फळ्यावर मिती आठ घालून दाखवता?" शितलने सर्वांसमोर आकडे घातले आणि राशी शून्य झाली. तिने पुसून पुन्हा घातले, पुन्हा शून्य. सरांनी उठून सांगितलं की हा विभाग विद्यार्थिनीने स्वतंत्रपणे केलेला होता, आपण विश्वास ठेवला. पदवी थांबली. तिला एका कॉलेजात नोकरी मिळणार होती, ती पदवीच्या अटीवर होती. ती नोकरीही गेली.

पंधरा दिवसांनी शितल तलासरीला आली. स्टाफरूममध्ये दोघीच होत्या. शितल वाळली होती. तिने पर्स मांडीवर धरून ठेवली आणि सरळ विचारलं.

"सर म्हणाले, छापण्याआधी तुम्ही तपासलं होतंत."

"हो."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. नजरेतून सुटलं असं म्हटलं असतं तर शितलने मान्य केलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, असंही नवशीला वाटलं.

"दिसलं होतं."

"केव्हा?"

"तेव्हाच. दोन-तीन मिनिटांत."

शितलने मान हलवली, जणू अंदाज होताच. "माझा प्रबंध त्याच्यावर होता. ते माहीत होतं?"

"सरांनी सांगितलं होतं."

"मी तुमचं काय वाईट केलं होतं ताई?"

"तुझ्याकडे माझी वही होती."

"मला झेरॉक्स मिळाली होती. त्याच्यावर नाव नव्हतं. तुम्ही उभ्या राहिलात त्या दिवशी मला कळलं."

"त्याच्यानंतरही वेळ होता."

"होता," शितल म्हणाली. तिने काही सफाई दिली नाही. बाहेर शिपाई बाक ओढत होता. मग शितलने विचारलं, "आठमध्ये खरं काय येतं?"

"दोन. एकाच्या जागी दोन."

"सिद्ध झालंय?"

"हो."

नवशीने कपाटातून कागद काढले. तीनच पानं होती, स्वच्छ अक्षरात, यावेळी तारखेसकट. ती देताना आपण काय करतो आहोत हे तिला नीट ठाऊक होतं. शितलचं जे गेलं ते सरांनी एकट्याने घालवलं नव्हतं.

"हे तुझ्या प्रबंधात घाल. दुरुस्ती म्हणून स्वीकारतील. माझं नाव नको. पण त्यांचंही नको. तुझं एकटीचं घाल."

शितलने पानं वाचली. वाचताना एकदा तिची बोटं थांबली, तिथे युक्ती होती, ती तिला कळली. नवशीला त्याही स्थितीत बरं वाटलं. तिचं गणित इतक्या नीटपणे दुसऱ्या कोणी फार दिवसांत वाचलं नव्हतं. शितलने पानं पर्समध्ये घातली. आभार मानले नाहीत. नवशीने मागवलेला चहा तसाच ठेवून ती डहाणूच्या एसटीसाठी निघाली.

जुलैमध्ये नियतकालिकात शुद्धिपत्र आलं, एका पानाचं. आठव्या मितीत दोन येतात, बाकी निष्कर्ष कायम; चूक लेखकांच्या स्वतःच्याच लक्षात आली. खाली नावं होती भाविक तामोरे आणि शितल मर्दे, याच क्रमाने. त्याच महिन्यात शितलला पदवी मिळाली. तिचा मेसेज आला: "ताई, सरांच्या सहीशिवाय पदवी निघत नव्हती. दुसरा मार्ग नव्हता."

नवशीने मेसेजला उत्तर दिलं नाही. तिने शुद्धिपत्र उघडलं आणि पेन घेऊन पहिल्या ओळीपासून तपासलं, चिन्ह न् चिन्ह, डावी बाजू निराळी, उजवी निराळी. त्यात चूक नव्हती.